पाण्यातून पाण्यावर : शिडाच्या नौकांचे जलपंख

आपली सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, आंबेनळी घाटाच्या पायथ्याने पोलादपुरास येते आणि महाडच्या पुढे खाडी होऊन बाणकोटापाशी समुद्रास मिळते. पोलादपूरला ती उन्हाळ्यात घोटाभर पाण्याने दगडगोट्यांवरून खळाळते. महाडच्या बाजूला मात्र तिच्यात भरतीचे पाणी चढते. या भरतीचा फायदा घेऊन एके काळी लहान गलबते महाडपर्यंत येत आणि आगबोट दासगावपर्यंत येई. १९२७ च्या डिसेंबरात सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून आले ते जलमार्गानेच, दासगावास उतरून. आज महाड म्हटले की मुंबई-गोवा हमरस्ता डोळ्यांपुढे येतो. परंतु मुळात हे बंदराचे गाव आहे. तेव्हा येथील महाविद्यालयाच्या वार्षिकात शिडाच्या नौकांवर एखादा लेख आला तर तो अगदीच अस्थानी ठरू नये. ‘कला शाखेच्या मुलीला हा विषय कशाला?’ असे आमच्या एका विज्ञान शाखेच्या मित्राने विचारलेच. त्याला मी म्हटले, तू लिहीत नाहीस म्हणून.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे हायड्रोफॉइल, म्हणजे नौकेच्या अंगाला पाण्याखाली बसवलेला पंख. मराठीत त्याला मी येथे ‘जलपंख’ म्हणणार आहे. विमानाचा पंख हवेत जे काम करतो तेच काम हा पंख पाण्यात करतो. नौका वेग घेऊ लागली की तो तिला खालून उचलतो आणि नौकेचे धूड पाण्याबाहेर येते. गेल्या दहा-बारा वर्षांत खोल समुद्रात शर्यती करणाऱ्या शिडाच्या नौकांचे रूप या पंखाने पार बदलून टाकले आहे. हा बदल किती मोठा आहे हे सांगण्यासाठी दोन नौका शेजारी ठेवते.

पहिली नौका ‘सुहैली’. ही आपल्या मुंबईत बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या तरुण इंग्रज दर्यावर्दी अधिकाऱ्याने ती सागवानी लाकडात येथील सुतारांकडून बांधून घेतली आणि १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. लांबी अवघी ३२ फूट. १४ जून १९६८ रोजी हा गृहस्थ तिच्यातून एकटा इंग्लंडहून निघाला आणि कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परत आला. मनुष्याने एकट्याने विनाथांबा केलेली ही पहिली प्रदक्षिणा. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. शेवटपर्यंत पोहोचला तो हा एकटाच. दिवस लागले ३१२. सरासरी वेग ताशी सुमारे ४ नॉट, म्हणजे साडेसात किलोमीटरच्या आत. भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा अधिक, एवढेच.

दुसरी नौका फ्रान्सची, ‘मासिफ’ या नावाची. शार्ली दालँ हा तिचा नाखवा. १० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘व्हांदे ग्लोब’ या शर्यतीत तो निघाला आणि १४ जानेवारी २०२५ रोजी परतला. तोही एकटा, तोही विनाथांबा. दिवस लागले ६४, वर १९ तास. कागदावरचे अंतर सुमारे २४,००० सागरी मैल धरले तरी सरासरी ताशी १५ नॉटच्या वर जाते, म्हणजे साडेअठ्ठावीस किलोमीटर. आमची एस.टी. आंबेनळी घाट चढताना याच्या मागे राहील. आणि हे रात्रंदिवस, नऊ आठवडे, फक्त वाऱ्याच्या बळावर.

तीनशे बारा आणि चौसष्ट. मधल्या छपन्न वर्षांत वारा बदलला नाही, समुद्र बदलला नाही. मग बदलले काय?

याचे उत्तर समजण्यास नौकेची खरी अडचण समजून घेतली पाहिजे. नौकेचा खरा शत्रू वारा नव्हे, पाणी. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पटींनी दाट आहे. नौका पुढे सरकते तेव्हा ती नाळेपाशी एक लाट उठवते आणि मागच्या बाजूस दुसरी. वेग वाढेल तशी या दोन लाटांमधील लांबी वाढत जाते आणि एका ठरावीक वेगाला ती नौकेच्या पाण्यातील लांबीएवढी होते. आता नौका आपणच उकरलेल्या खड्ड्यात बसलेली असते. याहून वेगाने जायचे तर स्वतःच्या लाटेवर चढावे लागेल, आणि जड नौकेला ते साधत नाही. शीड वाढवा, वारा वाढू द्या, नौका फक्त अधिक पाणी उडवते. यासाठी एक ढोबळ गणित आहे. नौकेच्या पाण्यातील लांबीचे फूट घ्या, त्यांचे वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे तिचा कमाल वेग नॉटमध्ये. पाण्यात ३६ फूट लांब असलेल्या नौकेचे वर्गमूळ ६, म्हणून वेग सुमारे ८ नॉट. वेग हवा असेल तर नौका लांब करा, हा जुन्या काळचा एकच उपाय होता.

दुसरा उपाय म्हणजे नौका हलकी व तळाशी चपटी करून तिला पाण्यावर घसरवणे. चपटा दगड पाण्यावर आडवा फेकला की टप्पे घेत जातो, तशातला हा प्रकार. तिसरा उपाय जलपंखाचा. तो समजण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. धावत्या एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा सपाट धरा. (कंडक्टर ओरडतो ते बरोबरच आहे, पण आपण सर्वांनी हे केलेले आहे.) तळव्याची पुढची कड जराशी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. हे हवेत होते. पाणी आठशे पट दाट, म्हणून पाण्यात लहानसा पंखही प्रचंड वजन उचलू शकतो. शिवाय हे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट, वेग तिप्पट झाला तर नऊपट.

हा वर्गाचा नियम आपल्या भागात कोणाला शिकवावा लागू नये. उन्हाळ्यात आपण ज्या प्रवाहात निर्धास्त उभे राहतो तोच श्रावणात म्हशीला वाहून नेतो. पाणी फार वाढलेले असतेच, पण वेग वाढला की त्याचा रेटा वेगापेक्षा कितीतरी अधिक वाढतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील इंग्रजी अमदानीतील दगडी पूल पुराने नेला आणि दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने माणसांसह नदीत गेली. त्या रात्रीनंतर वाहत्या पाण्याचे बळ या विषयावर महाडकरांना कोणी व्याख्यान देऊ नये. जलपंख बनवणाऱ्यांनी हेच बळ कामाला लावले आहे, इतकेच.

कल्पना नवी नाही. एन्रिको फोर्लानिनी या इटालियन संशोधकाने १९०६ साली माज्जोरे सरोवरात इंजिनाची अशी नाव चालवून दाखवली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी केसी बॉल्डविन यांच्यासह कॅनडात याच तत्त्वावर बांधलेल्या नावेने १९१९ मध्ये ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा वेग गाठला. इंजिनाला हे लवकर जमले, कारण इंजिनाचा जोर एकसारखा असतो. वारा तसा नसतो. तो शिडाला पुढे ढकलतो त्याहून अधिक बाजूला ढकलतो, नौकेला कलती करतो, मध्येच पडतो. वारा पडला की वेग पडला, वेग पडला की पंखाची उचल गेली, आणि अधांतरी नौका धपकन पाण्यात. म्हणून शिडाच्या नौकेला पंख लावणे हे अनेक वर्षे हौशी लोकांचे वेड मानले गेले. डेव्हिड कायपर या अमेरिकनाने घरच्या घरी खटपट करून ‘विलिवॉ’ नावाची तीन कण्यांची नाव बांधली आणि १९७० मध्ये ती कॅलिफोर्नियातून हवाई बेटांपर्यंत नेली. फ्रान्सचा एरिक ताबार्ली याने १९८० साली पंखांच्या आधाराने चालणाऱ्या नौकेतून अटलांटिक महासागर १० दिवस ५ तासांत ओलांडला आणि १९०५ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. पुढे आलँ तेबो याच्या ‘लिद्रोप्तेर’ने २००९ मध्ये एक सागरी मैल ५० नॉटच्या वर, म्हणजे ताशी जवळजवळ ९३ किलोमीटर वेगाने कापला. पण हे किनाऱ्याजवळ, सपाट पाण्यावर.

अडचण वजनाची होती. लाकडाचा पंख एवढा भार सोसत नाही, मोडतो. लोखंडाचा सोसतो, पण इतका जड की उचलण्याचा लाभच संपतो. कार्बनच्या तंतूंपासून पोलादासारखे ताठ आणि लाकडासारखे हलके अंग बनवता येऊ लागले आणि पंखाचा आकार संगणकावर हजार वेळा तपासता येऊ लागला, तेव्हा मार्ग मोकळा झाला. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात झालेल्या ‘अमेरिकाज कप’ शर्यतीत ७२ फुटी नौका पाण्यावर उडताना साऱ्या जगाने पाहिल्या. खुल्या महासागरातील खरी परीक्षा २०१६ च्या व्हांदे ग्लोबमध्ये झाली. त्या वर्षी २९ नौकांपैकी थोड्यांनाच पंख होते, परंतु पहिला आलेला आर्मेल ल क्लेआक आणि दुसरा अॅलेक्स थॉमसन हे दोघेही पंखवाले. ल क्लेआकला ७४ दिवस लागले. मागील शर्यतीतील विक्रम ७८ दिवसांचा होता आणि १९८९-९० मधील पहिल्या शर्यतीचा विजेता १०९ दिवसांनी परतला होता.

या नौका ६० फूट लांबीच्या असतात. पंख दोन्ही बाजूंनी मिशांसारखे बाहेर येतात. वाऱ्याने नौका ज्या बाजूस कलते त्या बाजूचा पंख पाण्यात असतो. तो नौकेला उचलतोही आणि अधिक कलू देतही नाही. मालवणकडची उलांडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल. तेथे होडीपासून दूर बांधलेला ओंडका तरंगून होडीला सावरतो. येथे पंख वेगाच्या जोरावर सावरतो. फरक हा की उलांडी होडी उभी असतानाही सावरते. पंख मात्र थांबला की निरुपयोगी.

येथवर वाचून कोणास वाटेल की मी जलपंखाची कैवारी आहे. तसे पूर्णपणे नाही. वेगाचा हिशेब मांडताना जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे, आणि ती २०२०-२१ च्या शर्यतीने ठळक मांडली. त्या वर्षी पंख पूर्वीपेक्षा मोठे होते, तरी पहिली नौका ८० दिवसांनी आली. हवामानाने साथ दिली नाही. पण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. ३० नोव्हेंबर २०२० रोजी आफ्रिकेच्या दक्षिण टोकापलीकडे केव्हँ एस्कोफिये याची ‘पीआरबी’ ही नौका लाटेत घुसली आणि मोडून दुमडली. २००९ सालच्या या नौकेला २०१८ मध्ये पंख जोडले होते. संकटाचा एक संदेश कसाबसा पाठवून तो तराफ्यात उतरला आणि अंधारात, उसळत्या समुद्रात अकरा तासांहून अधिक काळ तरंगत राहिला. त्याला वाचवले कोणी? जाँ ल काम याने. वय ६१ वर्षे, नौका २००७ सालची, पंख नसलेली. एकदा तराफा दिसला, पुन्हा हरवला, तरी म्हातारा शोधत राहिला आणि पहाटेपूर्वी त्याने एस्कोफियेला ओढून घेतले. शोधात गेलेला वेळ पंचांनी नंतर वजा करून दिला आणि ल काम चौथा ठरला. शर्यत जिंकणारा यानिक बेस्ताव्हँ हादेखील याच शोधात सामील झालेला. तो किनाऱ्यास काही तासांनी मागाहून आला, पण वजावटीने पहिला झाला.

नौका मोडण्याचा सगळा दोष पंखांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु जी नौका दुप्पट वेगाने लाटेवर आदळते तिच्यावरचा आघात दुप्पट नसतो, चौपट असतो. जो नियम उचलतो तोच नियम ठोकतो. २०१६ मध्ये थॉमसनचा एका बाजूचा पंख दक्षिण अटलांटिकमध्येच मोडला आणि पुढचा बहुतेक मार्ग त्याने लंगडत काढला. या नौकांतील माणसेही आता बंद खोलीत, डोक्यावर शिरस्त्राण घालून, आधाराला धरून बसतात. सुकाणू यंत्राच्या हाती असते. पंखांचा गुंजारव दिवसरात्र चालू. सुहैलीवरचे आपोआप सुकाणू सांभाळणारे साधन ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झाले तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने पुढचा मार्ग हाताने सुकाणू धरून आणि शिडे जुळवून काढला. दालँच्या नौकेवर हे शक्य नाही.

माझे आजोळ दासगावच्या बाजूचे. आईचे वडील तरुणपणी बाणकोटच्या खाडीत पडावावर खलाशी होते; पुढे रस्त्याने मालट्रक आले आणि पडाव गेले. या नौकांचे चित्रण मी त्यांना मोबाइलवर दाखवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘अगं, हिला थांबवतात कशी?’’ मी म्हटले, शीड सैल सोडले की वेग कमी होऊन ती खाली बसते. ‘‘आणि समोर ओंडका आला तर? जाळं आलं तर?’’ या प्रश्नाला माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते, कारण नौका बांधणाऱ्यांजवळही अजून ते पुरते नाही. पाण्यात तरंगणारे ओंडके, हरवलेली पेटारे आणि देवमासे हेच आज या नौकांचे मोठे भय आहे. आजोबांनी आणखी एक गोष्ट विचारली, ती मला अधिक लागली. ‘‘हे पंख कोणता मिस्त्री करतो?’’

मिस्त्री करत नाही, हेच खरे. सुहैलीचा कणा आणि बरगड्या मुंबईच्या सुतारांनी तासणीने तासल्या. लाकूड पाहून, हात फिरवून, डोळ्याने वळण जोखून जे ज्ञान बापाकडून मुलाकडे येते त्या ज्ञानाने जगाला विनाथांबा प्रदक्षिणा घालणारी पहिली एकांडी नौका बांधली गेली. जलपंखाचे वळण डोळ्याने जोखता येत नाही. त्याला गणित हवे, संगणक हवा, कार्बनचे थर उष्णतेने भाजणारी भट्टी हवी आणि मोडला तर दुसरा करण्याइतका पैसा हवा. ज्यांच्या घरी ज्ञान हातात होते आणि पुस्तकात नव्हते, त्यांच्या मुलांना या नव्या कारखान्याचे दार आधीच्या पिढीपेक्षा जवळ आले की लांब गेले? माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली, म्हणून हा प्रश्न मला तांत्रिक वाटत नाही.

आपल्या खाडीत जलपंखाची नौका चालेल का, असेही मित्रांनी विचारले. माझ्या मते नाही. पंख पाण्याखाली खोल जातो आणि आपली खाडी गाळाने उथळ झालेली. त्यात मच्छीमारांची जाळी. कोकणातील गलबते उथळ तळाची होती ती उगीच नव्हे.

मग भारताने खोल समुद्रात काय केले? याचे श्रेय बऱ्याच अंशी एका मराठी माणसाकडे जाते. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांचा. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रयत्नांतून ‘म्हादेई’ जन्मली. आराखडा डच, लांबी ५६ फूट, बांधणी गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. लाकडाच्या पट्ट्यांवर काचतंतूचे थर चढवलेली ही नौका २००९ च्या फेब्रुवारीत नौदलात आली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादेईतून २०१२-१३ मध्ये विनाथांबा प्रदक्षिणा केली. म्हादेईला पंख नाहीत. तिच्या बहिणीला, ‘तारिणी’लाही नाहीत. तारिणीतून २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या.

यात मागासलेपण पाहणारे पाहोत. मला वाटते, हेतू वेगळा असेल तर नौका वेगळी असते. शर्यतीच्या नौकेने लवकर यायचे असते. म्हादेईने परत यायचे होते, आणि तिच्यावर जाणाऱ्याने तिची प्रत्येक गोष्ट आपल्या हाताने दुरुस्त करता आली पाहिजे ही अट होती. मोडलेला जलपंख हिंद महासागराच्या मध्यावर कोणी दुरुस्त करू शकत नाही. तरीही उद्या दिवाडीच्या किंवा आणखी कोठल्या कारखान्यात पंखाची नौका बांधली जाणार असेल, तर ती पाहण्यास मी पहिल्या गाडीने जाईन. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी वाटतात.

२०२४-२५ च्या हिवाळ्यात तर या दोन्ही तऱ्हांच्या नौका एकाच वेळी दक्षिण महासागरात होत्या. तारिणी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाली होती. तिच्यावर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच. दालँ तिच्या पाच आठवड्यांनंतर निघाला, जग फिरला आणि जानेवारीच्या मध्यास घरी पोहोचला. तारिणी तेव्हा अजून दक्षिण अमेरिकेच्या हॉर्न भूशिरापर्यंतही आलेली नव्हती. पुढे ते भूशीर वळून, बंदरे घेत, पाण्यातूनच पाणी कापत ती २९ मे २०२५ रोजी गोव्यास आली. पावसाळा नुकताच लागला होता.